गोल खांद्याचं अक्षर

१

माझं बोट अडखळलं तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते.

जुन्या ज्यू दफनभूमीत, तिसऱ्या ओळीतल्या एका दगडावरून आम्ही नुकतंच ओलं गोणपाट काढलं होतं. कमरेत मोडून कित्येक वर्षं गवतात आडवा पडलेला हा दगड तीन आठवड्यांपूर्वी सांधून पुन्हा उभा केला होता. चुन्याचा सांधा घाईने सुकला तर तडकतो, म्हणून एकवीस दिवस तो झाकलेला होता. आज सोमवार. गुरुवारी त्या दगडाखालच्या बाईंची नात येणार होती, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, दोन विमानं बदलून. त्याच दिवशी माझ्या वडिलांची नोंदवही पुस्तकरूपाने निघायची होती. एकशे बारा दगड, एकशे बारा नोंदी, तीस वर्षांचं काम. बाबा जाऊन चार महिने झाले होते.

बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग, आणि ज्यांचं इथे कुणी उरलं नाही त्यांची नावं वाचणं हा सुट्टीचा. हिब्रू त्यांना गावातल्या शेवटच्या ज्यू गृहस्थांनी, एका म्हाताऱ्या घड्याळजींनी शिकवली. मला ती भाषा येत नाही, अक्षरं तेवढी ओळखू येतात. ती बाबांनी मला बोटाने वाचायला शिकवली होती. आधी बोट, मग डोळा.

दुसऱ्या ओळीत ‘येकारा’ हा शब्द असायला हवा होता. म्हणजे मोलाची, लाडकी. त्यातलं ‘रेश’ हे अक्षर खांद्यात गोल असतं. बोट त्यावरून घसरगुंडीसारखं खाली येतं. माझं बोट टोकाला अडलं. टोकदार खांद्याचं अक्षर वेगळं, ‘दालेत’.

“हे बरोबर नाही,” मी म्हणाले. “इथे रेश हवं, हे दालेत आहे.”

समितीचे अध्यक्ष पुढे झाले. ते निवृत्त हेडमास्तर आहेत आणि गाव त्यांना अजून हेडमास्तरच म्हणतं. त्यांनी खिशातून छापील नोंदवहीची प्रत काढली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

“तुमच्या वडिलांच्या नोंदीत रेश आहे. दगडावर दालेत आहे. दगड शंभर वर्षांपूर्वीचा, नोंद परवाची. मग चूक कुणाची, बाई?”

“बाबांची नाही.”

“भावना समजतात मला. पण एक नोंद चुकली, तर बाकीच्या एकशे अकरांची हमी कोण देणार? पुस्तक थांबवावं लागेल.” ते हळहळले खरे, पण त्यांच्या आवाजात कुठेतरी हुरूप आला होता. मुखपृष्ठावर फक्त बाबांचं नाव होतं, आणि हेडमास्तरांचं आतल्या पानावर, आभारात.

“दालेत घातलं तर अर्थ काय होतो?” मागून प्रश्न आला. माझी आत्या. बाबा गेल्यापासून ती मला एकटीला कुठे सोडत नव्हती.

उत्तर डॉक्टरीणबाईंनी दिलं. दगडांवर उपचार करतात म्हणून त्यांना सगळे डॉक्टरीणबाई म्हणतात. हा सांधा त्यांचाच. “व्याकरण जरा बाजूला ठेवलं तर… ‘जळाली’.”

“अगंबाई,” आत्या म्हणाली. “लाडकीची जळाली झाली.”

आत्याने एकतीस वर्षं रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर काढली आहेत. ‘ही छत्री माझीच’ असं छातीठोक सांगणारी निम्मी माणसं दुसऱ्याचीच छत्री नेत असतात, हे तिचं जगाबद्दलचं मूळ ज्ञान. ती पुढे आली, दगडाला नाक लावून वास घेतला, मग वळसा घालून मागे गेली आणि बराच वेळ खाली बसून राहिली.

“हेडमास्तर, त्या नोंदीत मागच्या बाजूबद्दल काय लिहिलंय? वाचा की मोठ्याने.”

“‘मागे, खालच्या डाव्या कोपऱ्यात, दगडातच अडकलेला करंगळीच्या नखाएवढा शंख.’”

“हं,” आत्या म्हणाली. “मग शंख कुठाय?”

२

शंख नव्हता. तो कोरता येत नाही, चिकटवता येत नाही. तो दगडाबरोबर जन्माला आलेला असतो. म्हणजे समोर उभा होता तो आमचा दगड नव्हताच. कुणीतरी हुबेहूब नक्कल उभी करून मूळ दगड पळवला होता. नक्कल इतकी बेमालूम, की कमरेतला सांधासुद्धा खोटा कोरून त्यात चुना भरला होता.

दफनभूमीच्या फाटकाच्या किल्ल्या चार. हेडमास्तरांकडे एक, डॉक्टरीणबाईंकडे एक, पाथरवटाकडे एक. चौथी बाबांची, आता माझी.

“तू सोडून तिघं,” आत्या म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघत, “किंवा चौघं.”

“थट्टा पुरे.”

“थट्टा कोण करतंय?”

पहिले हेडमास्तर. ते शाळेच्या जुन्या वाचनालयात बसतात, समितीचं कार्यालय तिथेच आहे. आत्याने विचारलं, “दगड नाहीसा झाला तर तुमचा फायदा काय?”

“माझा?” ते ताडकन उठले. “हे पहा, मी काही संत नाही. तीस वर्षं मी पत्रं लिहिली, परवानग्या आणल्या, कुंपण घालून घेतलं. लोक दफनभूमी दाखवायला आले की म्हणायचे, ‘ते गृहस्थ कुठायत, दगड वाचणारे?’ मी समोर उभा असताना! हो, टोचायचं मला. पण दगड उचलायला कंबर लागते, आणि माझ्या कमरेला पट्टा आहे.” त्यांनी सदरा वर करून पट्टा दाखवला. आत्याने सभ्यपणे खिडकीकडे पाहिलं.

“आणि हिब्रू?”

“एक अक्षर येत नाही. मी नुसते आकार ताडून पाहतो, बस.”

मग डॉक्टरीणबाई. खरं सांगायचं तर मी याच भेटीची वाट पाहत होते.

त्या चार वर्षांपूर्वी आमच्या आयुष्यात आल्या, म्हणजे बाबांच्या. त्याआधी जेवताना बाबा काही बोलायचे नाहीत. नंतर बोलायचे, आणि ते फक्त त्यांच्याबद्दल. बाई म्हणाल्या तारेचा ब्रश दगडाचं कातडं सोलतो. बाई म्हणाल्या सिमेंट दगडाचा श्वास कोंडतं. मी भाजी वाढत होते आणि बाई म्हणत होत्या. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात बाबांनी आपला मऊ केसांचा ब्रश मागवून घेतला. मला वाटलं उशाशी हवा असेल. तो त्यांनी बाईंना दिला.

त्यांच्या कामाच्या खोलीत तो ब्रश खिडकीशी एका पेल्यात उभा होता. मी दुसरीकडे बघायचं ठरवलं आणि सारखी तिकडेच बघत राहिले.

“दगड कोरता येणारी माणसं दोन,” मी म्हणाले. “तुम्ही आणि पाथरवट. हिब्रू वाचणारं माणूस एकच.”

“ताई, मी चोरला असता तर चूक केली नसती.” त्या शांतपणे म्हणाल्या. “आणि माझा पहिला धड उभा राहिलेला सांधा होता तो. तुमच्या बाबांनी ज्याची वाट पाहिली तो. मी का नेईन?”

“स्वतःकडे ठेवायला.”

“जसा ब्रश ठेवला?”

आत्या खाकरली. बाईंनी पेल्यातला ब्रश काढून टेबलावर माझ्यासमोर ठेवला. “घेऊन जा. तुम्हाला काय वाटतं, मला सोपं होतं? मी दगडाबद्दल विचारायची आणि ते तुमच्याबद्दल सांगायला लागायचे. तुम्ही काय वाचताय, तुम्ही लहानपणी काय म्हणालात. मला वडील आठवत नाहीत. कंटाळा यायचा मला तुमचा, खरं सांगते.”

मी ब्रश उचलला नाही. आम्ही बाहेर पडताना त्या दारात म्हणाल्या, “ताई, त्यांची काळी वही मिळाली का हो? अगदी सुरुवातीची? मी दोनदा विचारलं होतं.”

“नाही,” मी म्हणाले. “मिळाली नाही.”

३

पाथरवटाला गाव छिन्नी म्हणतं. साठी उलटलेली, बोलणंही हत्यारासारखंच तुटक. त्याच्या अंगणात अर्धवट पायऱ्या, एक नाक नसलेला सिंह, आणि कोपऱ्यात काठोकाठ चहाच्या चोथ्याने भरलेली बादली.

“बरा चहा पिता,” आत्या म्हणाली.

“झाडांना घालतो.”

अंगणात गवताची काडीसुद्धा नव्हती.

“गोणपाट भिजवायचं काम तुमच्याकडे होतं ना?”

“होतं. रोज दोन वेळा. तीस वर्षं दगड घडवले आणि म्हातारपणी झारी आली हातात.” तो थुंकला, मग माझी आठवण होऊन ओशाळला. “बाईंनी माझे एकवीस सांधे उकलले, पोरी. सिमेंटचे होते म्हणून. मी भरलेले. तुझे बाबा उभे राहून भरून घ्यायचे तेव्हा, ‘छान’ म्हणायचे. नंतर त्याच सांध्यांना बाईंनी नावं ठेवली, तेव्हाही तिथेच उभे होते.”

“तेव्हा काय म्हणाले?”

“काही नाही. तेच तर.”

“दगड कोरला असेल कुणी?” आत्याने विचारलं.

“मला काय ठाऊक. मला ती लिपी येत नाही, माझ्यासाठी ती नक्षी. तिसऱ्या ओळीतला उजवीकडून पाचवा ना? मी गोणपाट काढून पाहिलंच नाही. वरून पाणी मारायचो.”

घरी येताना आत्या बोटांवर काहीतरी मोजत होती. मी मात्र बोलत होते. बाईच, मी म्हणाले. मुद्दाम चूक केली, म्हणजे आपल्यावर संशय येऊ नये. मूळ दगड कुठल्या तरी संग्रहालयात जाईल, खाली बाईंचं नाव लागेल. मला माझाच आवाज चिरका लागत होता, पण थांबवत नव्हतं.

स्वयंपाकघरात आत्याने नकलेचा फोटो टेबलावर ठेवला आणि शेजारी नोंदवही.

“या दगडावर तुझं ते गोल अक्षर एकूण किती वेळा आलंय?”

मी मोजलं. “चार.”

“नकलेत चुकलंय किती ठिकाणी?”

“एकाच.”

“बाकीची तीन गोल?”

“गोल.”

“म्हणजे कोरणाऱ्याला गोल आणि टोकदार दोन्ही नीट दिसतंय. हात चुकला असता तर अक्षर वेडंवाकडं आलं असतं. हे तर पाहा कसं ठसठशीत आलंय. त्याने समोर होतं ते इमानेइतबारे उतरवलं. समोर दगड असता तर गोल उतरला असता. म्हणजे समोर दगड नव्हता, कागद होता. चुकीचा कागद.”

“पण नोंदवहीत बरोबर आहे.”

“म्हणून तो कागद नोंदवहीच्या आधीचा. तुझ्या बाबाने सुरुवातीला, घड्याळजींनी चुका दाखवण्याआधी, जे लिहिलं असेल त्यातला.” आत्याने चष्मा काढला. “अशी वही एकच आहे, बाळ. काळी. आणि ती बाईंकडे नाही, हेडमास्तरांकडे नाही.”

मी पाण्याचा पेला उचलला. तो रिकामा होता.

“ती चार महिने तुझ्या कपाटात साड्यांखाली आहे,” आत्या म्हणाली. “मी पांघरूण शोधत होते तेव्हा दिसली. आता सांग, चौथी किल्लीवाली कोण?”

४

मी दगड चोरला नव्हता. पण ‘मी काहीच चोरलं नाही’ असं मला म्हणता येईना.

बाबा गेले त्या आठवड्यात बाईंनी वही पहिल्यांदा मागितली. ती तेव्हा माझ्या हातातच होती. ब्रश तुमचा, सांधे तुमचे, जेवणाच्या टेबलावरचे बाबासुद्धा तुमचे. ही वही तरी माझी. मी ती साड्यांखाली घातली आणि उघडलीसुद्धा नाही. भीती वाटायची की पानापानावर बाईंचंच नाव असेल. ही वही बाई येण्याच्या सव्वीस वर्षं आधीची आहे, एवढा साधा हिशेबही मी केला नव्हता.

“वाचली नाहीस?” आत्याला खरंच आश्चर्य वाटलं. “इतकी पुस्तकं वाचतेस, आणि हीच नाही?”

“तू वाचलीस?”

“दुसऱ्याच्या सामानात हात घालत नाही मी. आवरायला मात्र घालते. आण ती.”

आणली. काळा कापडी पुठ्ठा उलटला आणि बाबांचं बारीक, उभं अक्षर समोर आलं. आत्याने पानं उलटली. तिसरी ओळ, पाचवा दगड. मजकूर हिब्रूत उतरवलेला, आणि दुसऱ्या ओळीत टोकदार खांद्याचं अक्षर. चूक होती. बाबांच्याच हातची.

पण त्या अक्षराखाली बारीक ठिपके होते. चार ठिपके, ओळीने.

“हे काय?” आत्याने विचारलं.

“ती मुद्रितशोधकाची खूण आहे. एखादी दुरुस्ती नको असेल, तर शब्दाखाली ठिपके देतात. अर्थ, ‘राहू दे’.”

“म्हणजे त्याला चूक कळली होती?”

“कळली होती. समासात बरोबर रूप लिहिलंय, बघ. घड्याळजींनी सांगितल्याची तारीखही आहे. छापील नोंदवहीत दुरुस्त केलं, आणि इथे मुद्दाम राहू दिलं.” आयुष्यभर दुसऱ्यांची एक वेलांटी न सोडणारा माणूस स्वतःच्या वहीत चूक का जपेल, हे मला कळेना.

आत्याचं बोट पानाच्या तळाशी गेलं होतं. तिथे पेन्सिलने एक ओळ होती.

‘मूळ कागद छिन्नीला दिला. वळण गिरवतो म्हणाला.’

“नक्षी म्हणे,” आत्या उठली. “लिपी न येणारा माणूस उजवीकडून मोजतो होय! हेडमास्तर बघ, कायम डावीकडून मोजतात. आणि झाडं नाहीत त्या अंगणात चहाचा चोथा. सकाळी दगडाला वास कसला येत होता माहितेय? उकळून उकळून कडू झालेल्या चहाचा. नवा दगड जुना दिसावा म्हणून चहाने रंगवलाय त्याने. चल, चप्पल घाल.”

“थांब,” मी म्हणाले. “बाईंनाही बोलव.”

५

छिन्नीने तिघींना बघितलं, माझ्या हातातली काळी वही बघितली, आणि हातातला हातोडा खाली ठेवला. नाकारायचा प्रयत्नही केला नाही.

“विकला का?” आत्याने विचारलं.

“विकीन मी?” तो एवढंच म्हणाला आणि आत गेला. बाहेर आला तेव्हा एक लाकडी पाटी ओढत होता. पाटीत वाळू आणि वाळूत दगडाचे सात मोठे तुकडे, प्रत्येकाखाली स्वच्छ फडकं. तुकड्यांवर खडूने आकडे घातलेले, उजवीकडून डावीकडे. एका तुकड्याच्या मागे करंगळीच्या नखाएवढा शंख.

डॉक्टरीणबाई गुडघ्यांवर बसल्या.

“तिसऱ्या दिवशी गेलो,” छिन्नी वाळूकडे बघत बोलत होता. “गोणपाट वर करून पाहिलं. सांधा दिसेना. इतका बसला होता. मी म्हटलं, असा मला एकदाही जमला नाही. आणि मग म्हटलं, बघू तरी हिचा किती धरतो. अंगठ्याने ढकललं. एवढंसं. चुना ओला होता… मला माहीत होतं ओला असतो. मला माहीत नसणार तर कुणाला?”

“आणि पडला,” आत्या म्हणाली.

“कडेवर. बाजूच्या दगडावर आपटला. दुसऱ्या ओळीचा तर भुगा झाला. म्हातारीची नात येणार, सगळ्या गावाला माहीत. मी ओढगाडीवर घालून आणला, त्याच खाणीचा दगड होता माझ्याकडे. तुझ्या बाबांनी दिलेला कागद होता. अठरा दिवस कोरला, तोवर गोणपाटाखाली फळ्या उभ्या केल्या होत्या. बाईंनाही जमलं नसतं असं कोरलं.” त्याने बाईंकडे पहिल्यांदा पाहिलं. “एक चूक सोडून.”

“मला एकदा तरी म्हणायचं होतंत,” बाई हळूच म्हणाल्या, “सांधा शिकव म्हणून.”

“तुम्ही विचारलं होतंत मला कधी काही?”

त्यांनी विचारलं नव्हतं.

“तो कागद दाखवा,” मी म्हणाले. माझा आवाज कोर्टातल्यासारखा निघाला. मनात दुसरंच चाललं होतं. बाईंच्या आधीही बाबांचा एक शिष्य होता आणि बाबांनी मला कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे आणखी एक वाटेकरी. बाप मरून चार महिने झाले तरी माझ्या वाट्यात आणखी कोण कोण शिरणार होतं कोण जाणे.

त्याने हत्यारांच्या पेटीच्या झाकणातून एक घडी काढली. घड्यांवर पिवळी पडलेली, तेलाचे डाग असलेली. मी ती उलगडली.

दुरेघी वहीचं पान होतं. पेन्सिलीची मोठाली अक्षरं, दाबून काढलेली, कागद मागून उठलेला. प्रत्येक अक्षर दोन रेघांच्या मध्ये बसवायचा आटापिटा. आणि दुसऱ्या ओळीत गोल खांदा जमेना म्हणून सरळ टोक काढून मोकळं झालेलं एक अक्षर.

हे बाबांचं अक्षर नव्हतं.

“सात वर्षांची असशील,” छिन्नी म्हणाला. “तू या शंखाजवळ बसायचीस. बाबा दगडावर ओणवे होऊन सांगायचे, वर दांडी, खाली पाय, आणि तू लिहायचीस. त्यांना नीट उजेड पडायला आरसा धरावा लागे, दोन्ही हात अडकलेले. मी म्हटलं मला पण द्या गिरवायला. तर म्हणाले, घे, पण जपून ठेव, पोरीच्या हातचं आहे.”

मला फक्त मांडीखालचा गार दगड आठवला. बाकी काही नाही. बाबांनी माझ्या कागदावरून वहीत उतरवलं, जसंच्या तसं. नंतर चूक कळली, आणि त्यांनी तिच्याखाली चार ठिपके दिले.

आत्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. “अगं, मग चोर सापडला की,” ती म्हणाली. “तीस वर्षांपूर्वीचा.”

छिन्नीने आणखी एक गोष्ट आणली, पत्र्याचा डबा. “खाली पडलं ते सगळं झाडून भरलंय. मला उघडायचा धीर नाही झाला.”

बाईंनी डबा घेतला, मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. “ताई, गुरुवारपर्यंत दोन दिवस आहेत. माझ्या बोटांना आता अक्षरं वेगळी कळत नाहीत, चुन्याने कातडी मेलीय. तुम्ही बसाल?”

६

आम्ही दोन दिवस समोरासमोर बसलो. त्या कपच्या ब्रशाने झाडायच्या आणि माझ्या तळहातावर ठेवायच्या. मी डोळे मिटून सांगायची : कड, कड, काही नाही, पाय आहे एका अक्षराचा. छिन्नी बाजूला उभा राहून तुकड्याची नस ओळखायचा, कुठली कपची कुठल्या अंगाची ते सांगायचा. त्यात तो आमच्या दोघींच्या वरचढ निघाला आणि बाईंनी ते मोठ्याने कबूल केलं. बुधवारी दुपारी, चौदाव्या कपचीवर माझं बोट वरून निघालं आणि न अडखळता खाली आलं.

“रेश,” मी म्हणाले.

हेडमास्तरांना मी वही आणि कपची दोन्ही दाखवली. त्यांनी भिंग लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि छापखान्याला स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहिली. नोंद बरोबर आहे, छापलेल्या प्रती पाठवून द्याव्यात. सही करताना म्हणाले, “तुमचे वडील फार त्रासदायक गृहस्थ होते. कधी चुकायचेच नाहीत.”

“चुकायचे,” मी म्हणाले. “पण राहू द्यायचे.”

गुरुवारी म्हातारबाई आल्या. काठी टेकत तिसऱ्या ओळीपर्यंत गेल्या. तिथे दगड नव्हता, वाळूची पाटी होती आणि तीत जोडून मांडलेले तुकडे. छिन्नी धुतलेला सदरा घालून पुढे झाला आणि सगळं सांगून टाकलं. अंगठ्याचंही. नकलेचंही. हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले होते.

“त्या दुसऱ्या दगडावर काय आलं म्हणालात?” म्हातारबाईंनी विचारलं.

“‘लाडकी’च्या जागी…” बाई अडखळल्या. “‘जळाली’.”

म्हातारबाई हसल्या. आधी खांदे हलले, मग काठी हलली. “कोरणाऱ्याला कुणी सांगितलं? माझे आजोबा शेजारणीला नुसतं ‘बसा’ म्हणाले, तर आजी आठवडाभर त्यांच्याशी बोलत नसे. आई सांगायची. अहो, एवढी मत्सरी बाई साऱ्या गावात नव्हती. आणि लाडकीही तीच होती. आजोबांनी पुन्हा लग्न नाही केलं.” त्यांनी पिशवीतून लांबवरून आणलेला एक गुळगुळीत खडा काढला आणि पाटीच्या कडेवर ठेवला, त्यांच्यात ठेवतात तसा. “सांधा पुन्हा. घाई नाही. पण दोघांनी मिळून सांधा. तिला एकट्या बाईचं कौतुक खपायचं नाही.”

पाटी परत छिन्नीच्या अंगणात आणून ठेवल्यावर मी काळी वही डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली. “मिळाली,” म्हणाले. त्यांनी कुठे मिळाली ते विचारलं नाही. ब्रश त्यांच्याच पेल्यात राहिला. तो कागदही मी छिन्नीकडे मागितला नाही. मागावासा फार वाटला. सांगायला हरकत नाही, अजूनही वाटतो. तो त्याने घडी घालून पेटीच्या झाकणात परत ठेवला तेव्हा मी सिंहाच्या नसलेल्या नाकाकडे बघत होते.

नक्कल त्याच्या अंगणात भिंतीला टेकून उभी होती. “फोडून टाकतो उद्या,” तो म्हणाला.

तुकड्यांवर आकडे घालायचा खडू पाटीवर पडला होता. मी तो घेतला आणि नकलेपाशी उकिडवी बसले.

“ताई, दगडावर खडू नाही!” मागून बाई ओरडल्या. मग जवळ आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “असू दे. यावर चालेल.”

टोकदार खांद्याच्या त्या अक्षराखाली मी ठिपके दिले. चार, ओळीने.